केटल कोव्हचा बुडालेला भाऊ

गार्लंड पार्डी कारखान्यातून निवृत्त झाला आणि महिन्याभरात त्याने एक जुनी मोटारहोम विकत घेतली. आत पलंग, चूल, न्हाणी, सगळं होतं. त्याची बायको व्हर्ना हरखून गेली. ती जन्माची ऑन्टॅरिओची.

"आता मला तुझं गाव दाखव," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं नुसतं ऐकतेय."

गार्लंडने आधी फ्लोरिडा सुचवून पाहिलं, मग पश्चिमेचे डोंगर. व्हर्ना ऐकेना. जुलैत ते निघाले, गाडीसकट फेरीबोटीत चढले आणि न्यूफाउंडलंड बेटावर उतरले. दोन दिवस झाडं, तळी आणि खडक. गाव जसजसं जवळ येत गेलं, तसतसा गार्लंड गप्प होत गेला. व्हर्नाला वाटलं, भरून आलंय त्याला.

केटल कोव्हमध्ये पार्डींच्या चार पिढ्या कॉड माशावर जगल्या. बाप गेल्यावर होडी दोघा भावांची झाली, गार्लंडची आणि धाकट्या हेडलीची. परवाना मात्र थोरल्याच्या नावावर होता. मग ब्याण्णव साली सरकारने कॉडची मासेमारीच बंद केली. दोन वर्षांनी मोबदला देऊन परवाने परत घ्यायला सुरुवात झाली. हेडली म्हणायचा, "थांबू या. मासा आज ना उद्या येईल." गार्लंडला थांबायचं नव्हतं. हेडली लाकडं आणायला रानात गेला होता, त्या आठवड्यात गार्लंडने सही ठोकली, मोबदल्यातला भावाचा वाटा पाकिटात घालून आईच्या हातात दिला आणि घर सोडलं. मासा आला नाही, पण खेकडा आला. ज्यांनी परवाने राखले होते त्यांना खेकड्याचेही मिळाले, आणि त्यांनी टेकडीवर दुमजली घरं बांधली. हेडली त्यांच्याच बोटींवर हाताखालचा माणूस म्हणून राबला.

गावाच्या तोंडाशी नवी पाटी होती, 'ऐतिहासिक मच्छीमार वस्ती'. पूर्वी जिथे मासे वाळत घालायचे, तिथे आता मोटारहोम उभ्या करायची जागा होती. फाटकावरच्या पोरीने हसून विचारलं, "पहिल्यांदाच येताय का इकडे?"

"हो," गार्लंड म्हणाला.

व्हर्नाने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

दुपारी धक्क्यावरच्या शेडमध्ये मासा चिरण्याचं प्रात्यक्षिक होतं. बाकांवर वीसेक पाहुणे बसले होते. पिवळा ओव्हरकोट घातलेला एक वाकलेला म्हातारा पुढे आला. तो हेडली होता. बापासारखाच दिसत होता. चार ठिकाणी सुरी फिरवून त्याने कॉडचा कणा अख्खा बाहेर काढला. मासा शहरातून बर्फात घालून आणलेला होता. तरीही हात तेच होते.

एका बाईने विचारलं, "तुमच्या घरात आणखी कोणी होतं का मासेमारीत?"

"थोरला भाऊ होता," हेडली सुरी पुसत म्हणाला. "चौऱ्याण्णवला गेला. त्या बाहेरच्या खडकापाशी. देहसुद्धा हाती लागला नाही. आई मरेपर्यंत खिडकीत बसून असायची."

बाकांवरून उसासे उमटले. हेडलीने मान वर केली आणि त्याची नजर थेट गार्लंडवर पडली. त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "आता मीठ कसं लावतात ते बघा." आणि त्याने राहिलेलं सगळं नीट करून दाखवलं.

माणसं पांगल्यावर गार्लंड पुढे झाला. "मला बुडवलंस होय रे?"

"रोज दोनदा," हेडली म्हणाला. "लोकांना बुडालेला माणूस आवडतो, लेका. भावाला न विचारता सही करून पळालेला कोणाला ऐकायचाय?"

"तुझा वाटा ठेवला होता मी आईकडे."

"होडीचा वाटा पाकिटात घालतोस? माझा जन्म ठेवलास तू त्या पाकिटात!"

व्हर्ना मध्ये पडली. "हेडली, मी व्हर्ना. झालं गेलं ते... चला ना, गाडीत चहा घेऊ तिघं."

हेडलीने टोपी काढली. तिच्याशी तो मऊ आवाजात बोलला. "तुमच्यावर माझा राग नाही, वहिनी. तुम्ही आता बऱ्या आहात ना? आई गेली तेव्हा तुमचं ऑपरेशन होतं, म्हणून येता येत नाही, असं यानेच कळवलं होतं. मी आईला सांगितलं होतं, बायको जगते की मरते असं झालंय, येईल तो. शेवटचे तीन दिवस ती तुमच्यासाठीच प्रार्थना करत होती."

"कसलं ऑपरेशन?" व्हर्नाने विचारलं.

 खाली धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटत होतं.

"माझं कसलंही ऑपरेशन झालेलं नाही," ती गार्लंडकडे वळून म्हणाली. "मला तू म्हणालास की हेडलीनेच येऊ नको म्हणून कळवलं."

हेडलीने टोपी परत घातली. तो हसला, पण त्या हसण्यात सुख नव्हतं. "म्हणजे मी एकटाच थापाड्या नाही तर," तो म्हणाला, आणि फळीवरचं रक्त धुवायला लागला.

गार्लंडला सांगायचं होतं की तेव्हा त्याने तिकीटही काढलं होतं, पण भावाच्या दारात उभं राहायची छाती झाली नाही. त्याने तोंड उघडलं. हेडलीने बादलीभर पाणी फळीवर ओतलं. गार्लंड मागे सरला.

गाडीसाठी पाच दिवसांची जागा भाड्याने घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना एकटीच दफनभूमीत गेली आणि सासूच्या कबरीपाशी बराच वेळ थांबली. परत येऊन म्हणाली, "चल." गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा शेडमध्ये सकाळचे पाहुणे जमत होते.

परतीच्या वाटेवर ती फक्त वळणं सांगण्यापुरती बोलली. त्या हिवाळ्यात तिने आपलं अंथरूण दुसऱ्या खोलीत हलवलं. मोटारहोम अंगणात उभी राहिली आणि वसंतात विकली गेली. व्हर्नाने हेडलीला पत्रं लिहायला सुरुवात केली आणि त्याची उत्तरंही येऊ लागली, हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल. गार्लंड टेबलावरची पाकिटं बघायचा. त्यांच्यावर नाव फक्त तिचं असायचं.