आसनाखालचे अध्यक्ष

अमेरिकेत ॲन आर्बरमधलं ते चर्च मध्ययुगीन इंग्लिश खेड्यातल्यासारखं बांधलंय: दगडी कमानी, उघड्या तुळया, भिंतीलगत वर उचलता येणारी लाकडी आसनं. आमचं मराठी मंडळ तिथेच भरतं. कानावर पेन्सिल खोचलेले एक रिटायर्ड काका हौसेने ती आसनं रिपेअर करतात. बोलणं मोजकं.

एकदा म्हणाले, "इंग्लंडातले जुने सुतार आसनाच्या खाली गंमत कोरायचे. बसणाऱ्याला पत्ताच नाही!"

परवा मी एक आसन उचलून पाहिलं. खाली कोरलेले आमच्या मंडळाचे अध्यक्ष, भाषणात झोपतात तसे, आ वासून. अगदी हुबेहूब! बसतातही ते त्याच आसनावर.

"काका, पास्टरबाईंनी पाहिलं तर?"

"पाहिलं की." काकांनी पटाशी पुसली. "म्हणाल्या, आमच्या चर्चमधलेही दोघं प्रवचनात झोपतात. त्यांचीही आसनं रिपेअरला घ्या."