उष्णता म्हणून सोडून दिलेलं रक्त

भास्कर गेल्याचा फोन मिलच्या मुकादमाचा आला. माझा धाकटा भाऊ गेला एवढं सांगून तो थांबला नाही, लगेच कारणही सांगून टाकलं. "अक्का, भट्टीच्या उष्णतेनं खाल्लं बघा त्याला." मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही पार पसरल्यावर कळलेला, हे या गृहस्थाला ठाऊक होतं. दवाखान्यात येऊन कॉटवर बसून गेला होता. तरी उष्णताच. या गोष्टीला दीड महिना होत आला, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात अजून चांगला शब्द येत नाही, आणि यावा अशी माझी इच्छाही नाही.

भास्कर आष्टीहून जालन्याला एमआयडीसीत लागला तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. लोखंड तापवून सळया काढणारी मिल, आणि याचं काम भट्टीच्या तोंडाशी. अंगानं दणकट, नकला करण्यात पटाईत. मी शाळेत चष्म्यावरून मुलांकडं कशी बघते हे तो माझ्यासमोरच करून दाखवायचा आणि मलाच हसू आवरायचं नाही. त्या मिलमध्ये जुने कामगार नव्यांना पहिल्याच उन्हाळ्यात सांगून ठेवतात की भट्टीवाल्याला संडासाच्या जागेतून रक्त पडतंच. घाबरायचं नाही, सब्जा भिजवून प्यायचा, गुलकंद खायचा. जणू कामाचा बिल्लाच मिळाला. भास्करला रक्त दिसलं तेव्हा त्यानं कुणालाच सांगितलं नाही, मुकाट्यानं सब्जा आणला. आपल्याकडं माणूस काय जेवला हे तासभर सांगेल, लग्नातली बुंदी कशी होती यावर भांडेल. पण पुढं त्या जेवणाचं काय झालं, हे बायकोलाही कळता कामा नये. या शरमेला लोक संस्कार म्हणतात. म्हणोत बापडे.

सब्जानं भागेना तेव्हा तो एका भिंतीवरची जाहिरात वाचून गेला... मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन खात्रीनं बरं. तिथल्या महाशयांनी लांबून बघितलं, इंजेक्शन टोचलं आणि तिखट बंद करायला सांगितलं. मग, भास्करच्या भाषेत, 'खऱ्या डॉक्टर'कडं. पाटीवर पदव्यांची रांग होती, पण या खऱ्या डॉक्टरांनीही टेबलापलीकडूनच मूळव्याध ओळखली. मलम आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. हातमोजा घालून तपासायला फार तर दोन मिनिटं लागतात, हे मला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात कळलं. तोवर कुणी ती दोन मिनिटं भास्करला दिली नव्हती. त्यानंही मागितली नाहीत, कारण सुट्टी घेतली की भट्टीवरची जागा दुसऱ्याला जायची. दरम्यान तो वाळत चालला होता आणि एका लग्नात आमचे नातेवाईक त्याचं कौतुक करत होते. "पोट बराबर उतरवलं हो भास्करनं." त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो.

शेवटी भास्करला संभाजीनगरला नेलं तेव्हा कॅन्सर निघाला, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या ऑपरेशननंतर आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, हा आजार घराण्यात असू शकतो, सख्ख्या भावंडांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या. मी करून घेतलं. एक दिवस पोट साफ करण्याचं औषध पिणं नकोसं होतं, बाकी काही नाही. आमचा मधला रंगनाथ मात्र म्हणाला, "मला काय धाड भरली?" तेराव्याला मांडवात बसून तो पाव्हण्यांना समजावत होता, भट्टीनं भास्करचं आतडं कसं भाजलं ते.

गेल्या रविवारी भास्करची जालन्यातली खोली रिकामी करायला आम्ही गेलो. भास्करची बायको मंगल, मी, रंगनाथ आणि त्याची बायको कांता. खिळ्यावर भास्करचा कामाचा शर्ट होता, ठिणग्यांनी बारीक भोकं पडलेला. मंगल त्याला हात लावू देईना. रंगनाथ चाळीच्या संडासात गेला तो बराच वेळ आत. बाहेर येऊन पुन्हा बादली भरून आत गेला, तेव्हा मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि तो बाहेर येताच विचारलं.

"रक्त पडून राह्यलंय का तुला?"

"हळू बोल अक्का... लोकं ऐकतेत."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. उष्णता हाय, दुसरं काय न्हाई. कांताला बिलकुल सांगू नको."

दिवाळीत भास्कर जिवंत होता. हा रोज त्याच्या उशाशी बसत होता, आणि हे पोटात ठेवून बसत होता. रंगनाथ जन्मात कधी भट्टीजवळ गेलेला नाही. आष्टीत त्याचं किराणा दुकान आहे, पंख्याखाली बसायचं. मला राग आला, आणि त्या रागाखाली त्याहून मोठी भीती होती. मी तिथूनच, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "कांता, बाहेर ये. तुझ्या नवऱ्याला रक्त पडतंय." नळावरच्या बायका बघायला लागल्या. रंगनाथनं मान खाली घातली.

मंगलनं हातातली भांडी खाली ठेवली आणि चपला घातल्या. "अक्का, खोलीचं मंग बघू. पहिले दादांना न्या, जल्दी."

रंगनाथची दुर्बिणीची तपासणी उद्या सकाळी आहे. तो शर्ट तिथंच खिळ्यावर आहे, कारण त्या दिवशी खोलीला कुलूप लावताना कुणाला आत परत जायला वेळच नव्हता.