शिवणीतली माया

टेपबाईच्या गळ्यात माप घ्यायची टेप सकाळी आंघोळीनंतर पडायची ती झोपतानाच निघायची. एकदा बाई तशीच एका लग्नाला गेली आणि कुणीतरी "दागिना नवीन केला वाटतं" म्हणून विचारलं. तेव्हापासून सगळी गल्ली तिला टेपबाई म्हणू लागली. गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानाला लागून तिचं शिवणकामाचं दुकान होतं. दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, आणि पडद्यामागे दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी जागा. दुसऱ्या मशीनवर तिची भाची बसायची, धाकट्या बहिणीची मुलगी. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. मावशीनेच तिला वाढवलं, हातात कात्री दिली, आणि आता सव्विसाव्या वर्षी पोरगी मावशीच्याही चुका काढायला लागली होती.

टेपबाईची माप घ्यायची तऱ्हाच वेगळी. बाकीचे शिंपी छातीभोवती टेप फिरवतात, एक आकडा लिहितात आणि मोकळे होतात. ही मधोमध बोट ठेवून डावी बाजू वेगळी मोजायची, उजवी वेगळी, आणि वहीत दोन आकडे लिहायची. बायका हसायच्या, मग उशीर होतोय म्हणून कुरकुरायच्या. पण जुन्या गिऱ्हाइकाचा एकाच बाजूचा आकडा वाढलेला दिसला की टेपबाई हटून बसायची. आधी डॉक्टरला दाखवून ये, मग कापडाला कात्री लावीन. नऊ वर्षांत तिने अशा अकराजणींना पाठवलं. सातजणींचं काहीच निघालं नाही आणि त्यांनी तिला चार शब्द सुनावले. चौघींच्या छातीत गाठ निघाली, पण वेळेत निघाली. ऑपरेशननंतर आतून मऊ गादी लावलेले ब्लाऊज त्यांना तिनेच शिवून दिले. आरशात बघायचा धीर होईना तेव्हा पडद्यामागे त्यांचा हात धरून तीच उभी राहिली.

त्या चौघी तिला देवमाणूस म्हणायच्या. तो शब्द कानावर पडला की टेपबाईचा चेहरा उतरायचा आणि मशीन उगाच जोरात धावायला लागायचं. लोकांना वाटायचं, काय ही नम्रता. भाची मात्र कौतुकाने ज्याला त्याला सांगायची, "माझी आई याच आजाराने गेली. ते दुःख गिळून मावशीने हे सगळं सुरू केलं."

दुःख खरंच होतं, त्यात खोट नव्हती. पण त्याच्या तळाशी जे होतं ते भाचीला माहीत नव्हतं. कळलं तर ही पोर आपलं तोंडसुद्धा बघणार नाही, या धाकात टेपबाईने नऊ वर्षं काढली होती.

एका मंगळवारी लायब्ररीतल्या बाई आल्या. सहा महिन्यांपूर्वी शिवलेला ब्लाऊज घट्ट होतो म्हणाल्या, माया सोडून द्या. शिवणीच्या आत, पुढेमागे लागेल म्हणून जे जादा कापड राखून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. कपडा आवळला की शिवण उसवायची, माया सोडायची, दोन मिनिटांचं काम. टेपबाईने पडदा ओढला आणि माप घेतलं. डावीकडचा आकडा होता तोच होता. उजवीकडचा अर्धा इंच वाढला होता.

तिने नेहमीचं सगळं सांगून पाहिलं, पण बाई ढिम्म. वजन वाढलंय म्हणाल्या, वर तुम्ही शिंपीणबाई आहात, डॉक्टर नाही, हेही ऐकवलं. होत नसेल तर समोरच्या दुकानात जाते, असं म्हणून ब्लाऊज उचलून त्या पडद्याबाहेर आल्यासुद्धा. समोरचा शिंपी काही न विचारता शिवण उसवेल, हे टेपबाईला दिसत होतं. सांगण्यासारखी आता एकच गोष्ट शिल्लक होती, आणि भाची तीन हातांवर बसून काजं करत होती.

"माझ्या बहिणीची माया मीच सोडली, बाई," ती म्हणाली. "डावीकडे घट्ट होतंय म्हणाली, मी अर्धा इंच सोडली. चार महिन्यांनी परत आली, परत सोडली. दुसऱ्या वेळी बोटाला गाठ लागली होती. मी टाका घातला आणि गप्प बसले."

दुसऱ्या मशीनवरची काजाची सुई थांबली. लायब्ररीतल्या बाईंनी ब्लाऊज टेबलावर ठेवला, डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला आणि त्या गेल्या.

भाचीने सुईतला दोरा तोडला. "पहिल्या वेळी का नाही विचारलंस तिला?"

टेपबाईकडे नऊ वर्षं घोकून ठेवलेली उत्तरं होती. कामाची गर्दी होती, मला काय कळतंय, तीच घाईत होती. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"मला वाटलं, माझंच कापताना चुकलं," ती म्हणाली. "तुझी आई सगळ्यांना सांगत फिरायची, माझ्या ताईचं माप कधी चुकत नाही. चुकलं म्हटलं असतं तर चिडवून जीव घेतला असता तिने. म्हणून गुपचूप सोडली. आणि दुसऱ्या वेळी घाबरले. बोलले तर खरं होईल असं वाटलं."

"चार महिने," भाची म्हणाली. चार महिने आधी आणलं असतं तर, हे डॉक्टरांचं वाक्य तिने तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली.

तीन दिवस दुसऱ्या मशीनवरचं झाकण निघालं नाही. टेपबाई दुकान उघडून बसायची, पण हात चालत नव्हते. रडायचीही तिला लाज वाटत होती. चौघी वाचल्या हे तिने मनाशी आठवून पाहिलं, पण त्याने पाचवीचं जाणं पुसलं जात नव्हतं. ती पाचवी नव्हतीच, ती पहिली होती.

चौथ्या दिवशी भाची आली. मावशीकडे न बघता तिने झाकण काढलं, तेलाचे दोन थेंब सोडले आणि मग म्हणाली, "मला माफ कर असं म्हणू नकोस. जमेल की नाही, मला माहीत नाही. पण त्या बाईंना सांगितलंस तसं प्रत्येकीला सांगायचं. देवमाणूस म्हणाली तरी सांगायचं. आणि मी इथे असताना."

लायब्ररीतल्या बाईंची गाठ लहान निघाली, वेळेत निघाली. त्या पेढे घेऊन आभार मानायला आल्या, तर टेपबाईने त्यांनाही बसवून उरलेलं सांगितलं.

आता ती सगळ्यांना सांगते. माप चुकल्याची लाज, उसवलेली शिवण, बोटाला लागलेली गाठ, काही गाळत नाही. बायका ऐकतात आणि आढेवेढे न घेता डॉक्टरकडे जातात. एका जागी मात्र तिचा आवाज अजून बसतो, पुढचा शब्द फुटत नाही. तेव्हा दुसरं मशीन थांबतं, आणि भाची मान वर न करता म्हणते, "चार महिने."