कुलपाआडचा गवंडी

मोतीरामला एक जुनी खोड. वाटेत कुठल्याही दाराला कुलूप दिसलं, की थांबायचं, कान द्यायचा अन् मगच पुढं जायचं. पुंडलिकनगरातली पोरं हसतात. हसू द्या बापडी.

चौऱ्याहत्तर साली तो शहराच्या डायरेक्टरीसाठी दारोदार हिंडायचा. कुठल्या गल्लीत कोण राहतं, काय धंदा करतं, सगळं त्या जाडजूड पुस्तकात छापायचं. कुलूप असलं तर मागच्या पुस्तकातलं नाव जसंच्या तसं उतरवायचं, ही तिथली रीत. अशानं मेलेली माणसंही धंद्यासकट छापून यायची! मोतीराम हे लई रंगवून सांगायचा. भावसिंगपुऱ्यातलं एक घर तेवढं गाळायचा.

परवा दुपारी त्याच घरची लीलाबाई नातीला, करुणाला, घेऊन मोतीरामच्या दारात उभी. घराण्याची माहिती गोळा करताना पोरीला वाचनालयात ते पुस्तक सापडलेलं; त्यात त्या गल्लीच्या नोंदी घेणारा म्हणून मोतीरामचं नाव.

"बाबा, आमचे धोंडिबा आजोबा बहात्तरच्या दुष्काळात कामाला गेले, ते परतलेच नाहीत. मग चौऱ्याहत्तरच्या पुस्तकात कसे?"

"कुलूप असंल. जुन्यावरून उतरवलं," मोतीराम घाईनं बोलला.

"जुन्यात 'हमाल' आहे. तुमच्यात 'गवंडी'."

मोतीरामनं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"भाऊ," लीलाबाई म्हणाली, "आला व्हता का माझा धनी? येवढंच सांगा. तुमची नोकरी काय मी आता खात नाय."

"कुलूप व्हतं, ताई. सवयीनं नाव पुकारलं, तं आतून आवाज आला, 'हमाल नाय, गवंडी लिवा.' बाहेर कुलूप अन् आत माणूस! लिवलं अन् पळालो. त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवला नाय."

लीलाबाई पुढं सरकली.

"कुलूप माझंच. तवा चार महिने माहेरी व्हते, खुलताबादला. आले तं मागली पडकी भिंत नवी रचलेली. म्हटलं, दिरानं रचली. त्यो मरेस्तोवर त्याचे उपकार मानले."

"अन् त्यो काय म्हणायचा?"

"काय म्हणतो! फुकटचं कौतुक, घेतलं मुकाट." ती जरा हसली, अन् मग तिचा आवाज उतरला. "पर भाऊ, लिंपण आतल्याच बाजूनं व्हतं. दाराला माझं कुलूप तसंच. मग भिंत रचणारा गेला कुठून?"

मोतीरामनं पायात चपला सरकवल्या.

मोतीराम त्यांना सोडायला रिक्षातून निघाला. पन्नास वर्षांनी तीच गल्ली, तेच दार, अन् दाराला कुलूप. करुणानं पर्समधून चावी काढली.

"थांब," लीलाबाईनं तिचा हात धरला. "भाऊ, आधी नाव पुकारा."