अनवरीबीचा हलका हात

मारेगावच्या मुसलमान मोहल्ल्यात अनवरीबी पिशवी घेऊन गल्लीतून निघाली की चुलीपुढची बाई पदर डोक्यावर ओढायची आणि दबक्या आवाजात विचारायची, "कोन गेलं वं?" भाजी आणायला निघाली असली तरी हेच. बिचारीला साधी कोथिंबीर आणायची सोय नव्हती. तिचं कामच तसं होतं. मेलेल्या बाईला पुरण्याआधी न्हाऊ घालायचं. गुस्ल म्हणतात त्याला. बाईला बाईनंच घालावं लागतं, आणि ज्या घरात माणूस गेलं तिथल्या बाया रडण्यातून उठत नाहीत. मग कोणीतरी धावत सुटायचं, अनवरीबीला बोलवा.

तीस वर्षं ती हे करत होती, आणि तीसही वर्षं घाबरत होती. हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं, हिचं काळीज दगडाचं आहे. कसला दगड घेऊन बसलात! पहिली मय्यत तिच्या सासूची. पंचविशीतली पोर ती, कुशीवर वळवताना सासूचा हात तिच्याकडून जरा जोरात ओढला गेला, कोपरातून कट् असा आवाज आला आणि तिला वाटलं, सासूचं तोंड वाकडं झालं. झालं, तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या जिवाला लागला. यांना दुखत असेल का?

तिनं विचारलंही. मशिदीचे पेशइमाम साहेब पडद्याआडून म्हणाले, "मय्यतीला सगळं समजतं. कोण न्हाऊ घालतं, कोण उचलतं, सारं. म्हणून हात हलका ठेवा." त्या उत्तरानं ती दोन दिवस जेवली नाही. कुडापलीकडची विमलताई, घनश्यामभाऊची बायको, तिच्या जिवाभावाची. ती म्हणाली, "आमच्यात नाही बाप्पा तसं. जीव गेला की दुसरं घर पाह्यते. मागं राह्यते ते लाकूड. दुखत असतं तं आमी चितेवर जायलं असतं का मानसाले?" बोलली खरी, पण बोलता बोलता तिचाच चेहरा उतरला. कापूस वेचायला येणारी सुखीबाई पोडावरची, कोलाम आदिवासींच्या वस्तीतली. तिचं म्हणणं, मेलेलं माणूस कुठं जातच नाही, घराच्या आसपास राहतं, सणाला त्याचं ताट वाढलं नाही तर रुसून बसतं. आणि देवीलाल मास्तर, ज्यांनी उभ्या जन्मात कोणत्या देवाला हात जोडले नाहीत, ते हसले. "अनवरीबी, दिवा विझल्यावर वात दुखते का? डोकं बंद, खेळ खतम."

मास्तरांचं उत्तर तिला सगळ्यात आवडलं आणि त्याच्यावरच विश्वास ठेवायची तिची सगळ्यात कमी हिंमत झाली. खोटं निघालं तर? त्यापेक्षा हात हलका ठेवलेला बरा. मग तिनं स्वतःचा एक नेम केला. लाजेच्या, झाकायच्या जागेपुरतं रीतीप्रमाणं हाताला कापड गुंडाळायचं, बाकी सारं अंग उघड्या तळव्यानं धुवायचं. कापड खरबरीत असतं, खुपतं. पाणी हाताला सोसेल एवढंच कोमट. बोरीचा पाला उकळून गाळलेलं. उजव्या बाजूनं सुरुवात. तीनदा धुवायचं. तेवढ्यानं साफ नाही झालं तर पाचदा, नाही तर सातदा. पण थांबायचं ते विषम आकड्यावरच. मग कापूर, मग कफन.

दोन हजार सतराचं साल आलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडात अळी शिरली होती आणि जो तो फवारत सुटला होता. वारं घरात आलं तरी औषधाचा वास यायचा. घनश्यामभाऊ एका दुपारी वावरातून लटपटत आले, तोंडातून लाळ गळत होती. वेळेवर नेले म्हणून वाचले. त्याच्या पंधराव्या दिवशी शाहिदची बायको नुजहत गेली. शाहिद फवारायचा, ही ड्रमात औषध कालवून द्यायची. काठी कशाला शोधा, कोपरापर्यंत हात घालून ढवळायची. बाईची जात, कामाला नको कोण म्हणतं! सकाळी दहाला ओकली, दवाखान्याच्या रस्त्यातच संपली. तिथूनच परत आणली. सव्वीस वर्षांची होती.

अनवरीबी निघाली तेव्हा तिचा मुलगा आसिम, ऑटो चालवतो तो, रबरी हातमोजे घेऊन आडवा आला. "अम्मी, ये पहन ले. दवा का जहर है."

"रबर चुभता रे," ती म्हणाली आणि मोजे तिथंच उंबऱ्यावर ठेवून गेली.

नुजहतचे कपडे ओकारीनं आणि औषधानं चिंब होते. अनवरीबीनं ते हातानं सोडवले. तीनदा धुतलं, वास जाईना. पाचदा धुतलं. केसांत नाक घालून पाहिलं, वास तसाच. सातदा धुतलं. शाहिदच्या घरातलं भरलेलं सारं पाणी त्यात संपलं. एरवी घरी आली की ती आधी आंघोळ करायची. पण त्या दिवशी नळ आला नव्हता. हातपाय नुसते ओले केले, नमाज पढली आणि त्याच ओल्या साडीत खाटेवर आडवी झाली.

दीड-दोन तासांनी डोळे उघडले तर समोरची भिंत धूसर. चष्मा पुसला, तरी धूसर. अंगाला घाम सुटलेला, तोंडात लाळ एवढी की गिळता गिळवेना. मांडीचं मांस आपोआप उडायला लागलं. आणि छातीतून आवाज येऊ लागला, घरघर. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. मरायला टेकलेल्या बायांच्या उशाशी बसून तिनं तो किती वेळा ऐकला होता. आला, तिला वाटलं. मौतचा फरिश्ता दारात आला. नुजहतला दुखलं, तिनं पाठवला. ओरडायला गेली तर तोंडातून फेसच आला. मग तिनं कसंबसं तोंड पश्चिमेकडे केलं आणि कलमा आठवू लागली. आयुष्यभर पाठ असलेला कलमा, तोही मेला आठवेना.

विमलताई वाटी घेऊन ताक मागायला आली होती. तिनं खाटेवरचं ध्यान पाहिलं आणि वाटी टाकून धावली. अनवरीबीची पापणी वर ओढून तिनं डोळ्यात पाहिलं.

"माय वं! बाहुली सुईच्या टोकाएवढी झाली. आमच्या मानसाचीबी अशीच झालती! आसिम, ए आसिम, ऑटो काढ! औषध चढलं हिले!" आणि अनवरीबीला म्हणाली, "मरशीन मंग. पहिले आंग धुतो तुहं. डाक्टरनं सांगतलं होतं, कपडे काढा अन् साबनानं घासा."

शेजारणीच्या घरून दोन बादल्या आल्या. अनवरीबीला अंगणातल्या न्हाणीच्या दगडावर आडवं केलं, बायांनी चहूबाजूंनी लुगडं धरलं, साडी फाडून काढली. पहिला तांब्या अंगावर पडला आणि अनवरीबीला कळलं काय चाललंय ते. गुस्ल. तिला वरून दिसायची ती गोष्ट आज ती खालून बघत होती. धूसर आभाळ, वर एक वाकलेला चेहरा, पाण्याचा गार फटका. विमलताईनं कपडे धुवायचा साबण घेतला आणि नारळाच्या काथ्यानं असं घासलं, असं घासलं की कातडं सोलून निघावं. दुखतंय, अनवरीबीला म्हणायचं होतं. हळू. उजव्या बाजूनं. पण जीभ लाकडासारखी पडून होती. तोंडाबाहेर एक शब्द येईना, बोट हलेना.

तेव्हा तिला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. म्हणजे हेच होतं की काय त्या साऱ्यांचं? सासूचं, नुजहतचं? आतून ओरडत होत्या आणि मी वरून पाणी ओतत होते? या अल्ला, त्या साऱ्या ओरडत होत्या?

ती मोजू लागली. दुसरं कशाला धरून राहणार? एकदा घासून पाणी ओतलं. एक. पुन्हा साबण, पुन्हा पाणी. दोन. पुन्हा. तीन. तीन झाले. आता कापूर, आता कफन. तिनं कफनाची वाट पाहिली, पांढरं कापड तोंडावर येण्याची. छाती आवळत गेली.

आणि विमलताईनं पुन्हा साबण लावला, शिव्या घालत बादली उपडी केली. चार. अनवरीबीनं कान टवकारले. पाचवा हात काही आला नाही. विमलताई हाताला साबण चोळत उठली, "पुरे, उचला," म्हणाली. चारवर थांबवली! मुर्द्याला चारवर कोणी थांबवत नाही. म्हणजे मी जिवंत आहे, अनवरीबीला वाटलं, आणि ती ऑटोत लहान पोरासारखी रडत गेली.

सहा दिवस सलाईन, सुया, मग घरी. बघायला आलेलं प्रत्येक माणूस एकच विचारायचं, काय दिसलं? पेशइमाम साहेबांनीही विचारलं, मास्तरांनीही. ती म्हणायची, काही नाही. खरं ते सांगायची तिला लाज वाटत होती.

मग मोहल्ल्यातल्या फिजाची सासू वारली. फिजा स्वतः दारात आली, "खाला, चला." अनवरीबी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली आणि आसिमकडून सांगावा धाडला, बुखार आहे. फिजा रडत परत गेली. वणीहून कोणी बाई आणली त्यांनी. दुपारी विमलताई आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कायले खोटं सांगतलं? धडधाकट तं दिसतं."

"भेव वाटते मले."

"औषधाचं? तिची सासू म्हातारपनानं गेली."

"औषधाचं नाही वं." आणि मग अनवरीबीनं सगळं सांगितलं. "तू घासत होती अन् मी आतून वरडत होतो. तुले आयकू गेलं? नाही ना? मंग मलेबी नाही गेलं तीस वर्षं. त्यायले दुखलं असन अन् मी मेली, वरून दुआ पढत होतो."

विमलताई मटकन खाली बसली. मग तिच्या तोंडून हळूच निघालं, "म्हंजे मले चितेवर जायतीन तवा…"

"नको ना! तसं नको बोलू."

"तू तं राह्यशीन का तिथं? मसनात बाईमानसाले येऊच नाही देत. तुले तं नाहीच." तिनं अनवरीबीचा हात धरला. "माह्या आंगाले तेव्हा तुहा हात नाही लागनार अनवरी. घरी न्हाऊ घालतीन त्याबी आमच्यातल्याच बाया. कधीच नाही."

यावर कोणाचा कोणता ग्रंथ काय बोलणार! मग विमलताईनं एकाएकी अंबाडा सोडला. "तं मंग आता घाल न्हाऊ. माहे केसं धू. तू इतक्या बायायले न्हाऊ घातलं, मले काहून नाही?"

"जित्त्या मानसाले मी कधी…"

"घाल म्हनतो ना!"

विमलताई न्हाणीच्या दगडावर उकिडवी बसली. अनवरीबीनं पाणी कोमट केलं, हातानं पाहिलं, पुन्हा पाहिलं. शिकेकाई लावली. हात एवढा हलका ठेवला की फेस सगळा मानेवरून ओघळला. तिला राहून राहून वाटत होतं, आता ही मान सैल पडेल, आता हे डोकं माझ्या हातात जड होईल. केसांच्या एका गुंत्यात तिचं नख अडकलं आणि हिसका बसला.

"अवं, दुखते ना! हळू!" विमलताई किंचाळली.

अनवरीबीचा हात जागच्या जागी थांबला. तीस वर्षांत तिच्या हाताखालून असं कोणी बोललं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं.

"कुठी?" ती म्हणाली. "कुठी दुखते, सांग."

"अन् रडतं कायले? कानाच्या मांगं."

"अजून सांग. जिथं जिथं दुखन तिथं तिथं सांग मले."