काचांचा घाम आणि भामा-आसखेडची दुसरी सकाळ

आमची गाडी विकायची जवळजवळ ठरली होती. गाडी म्हणजे एक निवृत्त स्कूल व्हॅन. माझे पती सुधाकर चाकणच्या कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा आम्ही ती घेतली आणि बाकं काढून पलंग, ओटा नि शेगडी बसवली. पण थंडीत रात्रभर श्वासाची वाफ गार काचांवर जमायची आणि पहाटे तिचे ओघळ थेट गादीत उतरायचे. सुधाकरांना दमा आहे. त्या ओलीने खोकला इतका वाढला की आमच्या लेकीने, नेहाने, गिऱ्हाईकच शोधलं.

"बाबा, आता एकच ट्रिप," ती म्हणाली. "कोरडे परत आलात तर गाडी तुमची. खोकत आलात तर रविवारी ते काका गाडी घेऊन जातील."

म्हणून शुक्रवारी सकाळी चिंचवडहून आधी भोसरी गाठली. तिथे अन्वरभाई गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. त्यांच्याकडे आम्ही काचांना आतून लावायचे जाड पडदे शिवायला टाकले होते. आदल्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक काचेचा कागदी साचा काढून नेला होता. तुम्ही करणार असाल तर हे नक्की करा, कारण एकाच गाडीच्या दोन खिडक्याही सारख्या नसतात. मधे फोम, काचेकडून चंदेरी पापुद्रा, आणि आतून माझ्या एका जुन्या सुती साडीचं कापड. चिकटायला रबरी वाट्या. तयार पडदे मागवले असते त्याच्या निम्म्यात काम झालं. सुधाकर प्रत्येक पडदा लावून कडेने बोट फिरवून पाहत होते.

"साहेब, कंपनी सुटली, पण इन्स्पेक्शन काही सुटलं नाही तुमचं," अन्वरभाई म्हणाले, आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मोशीवरून चाकण. सकाळची शिफ्ट लागून गेल्यावर निघा, नाहीतर कंटेनरच्या रांगेत अर्धा दिवस जातो. डिझेल आणि पाणी चाकणलाच भरून घ्या. आंबेठाण रस्त्याला लागलो तशी सुधाकरांनी त्यांच्या जुन्या गेटपाशी गाडी हळू केली. दरवेळी करतात. तिथून पुढे कारखान्यांच्या भिंती विरळ होत जातात, कांद्याची वावरं सुरू होतात, आणि करंजविहिऱ्याच्या पुढे भामा-आसखेड धरणाचं निळं पाणी दिसतं.

पाण्याच्या वरच्या अंगाला सुधाकरांचे जुने सहकारी बबनराव यांचं शेत आहे. गाडी तिथेच लावली. बबनरावांना मात्र ते मुळीच पटलं नाही.

"घर हाय की आमचं. ते सोडून गाडीत झोपायचं म्हंजी काय, राव? गाव आमालाच हसंल."

शेवटी जेवण त्यांच्याकडे आणि झोप गाडीत, असा तह झाला. वहिनींचं पिठलं आणि बाजरीची भाकरी पोटभर जेवलो.

रात्री पडदे लावले. साडीची फुलं चारी बाजूंनी उमललेली पाहून फार बरं वाटलं. मग आम्ही तेच केलं जे आपल्याकडे प्रत्येक घरात होतं. वारा लागेल म्हणून खिडक्या गच्च बंद केल्या, टपावरची झडपही लावली. ओले टॉवेल आत दोरीवर टाकले. सुधाकरांनी माकडटोपी चढवली. सकाळी उठल्या उठल्या त्या बंद गाडीतच मी आल्याचा चहा उकळला.

पडदे काढले तर मागच्या काचा निथळत होत्या. पूर्वीपेक्षा पाणी कमी, पण गादीची कड ओली होतीच. सुधाकर खोकले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नेहाला कळवून टाकूया का?"

मी पाण्याकडे बघत बसले, आणि डोंगरावरच्या आमच्या कॉन्व्हेंटचं वसतिगृह आठवलं. कडाक्याच्या थंडीतही सिस्टर बेनेडिक्टा झोपण्यापूर्वी लांब काठीने वरची तावदानं उघडायच्या. आम्ही मुली कुडकुडत कुरकुर करायचो. "फ्रेश एअर, गर्ल्स," एवढंच म्हणून त्या प्रत्येकीच्या पायावरचं ब्लँकेट नीट करायच्या. त्या हॉलच्या काचा कधी घामेजलेल्या मला आठवत नाहीत.

पडदे थंडी अडवतात, पण वाफेला बाहेर जायला वाट तर हवी! दुसऱ्या रात्री टॉवेल बबनरावांच्या पडवीत गेले. टपावरची झडप थोडी उघडली आणि वारा नसलेल्या बाजूची एक काच बोटभर सरकवली. सुधाकर कुरकुरले, अगदी आम्हा मुलींसारखे. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

सकाळी मला जाग आली ती पक्ष्यांच्या आवाजाने. खोकल्याने नाही. पडदा सोडवला तर काचेच्या खालच्या कडेला तेवढी धुकट रेघ होती, फडक्याच्या एका हाताने पुसली गेली. गादी कोरडी. सुधाकर अजून झोपेत. चहा त्या दिवशी वहिनींच्या चुलीवर झाला.

दुपारी चिंचवडला परतलो. संध्याकाळी नेहा घरी आली ती सरळ गाडीत चढली. गादीखाली हात घातला, उशी नाकाशी नेली, बाबांना खोल श्वास घ्यायला लावला. मग खाली उतरून त्या काकांना फोन केला आणि दुसरी गाडी बघायला सांगितलं.

अन्वरभाईंची शिलाई, वहिनींची चूल, सिस्टरांची काठी. कोणाकोणाचे आभार मानू? रात्री झोपायला गेले तर सुधाकर माकडटोपी घालून खिडकीशी उभे होते. दिवे लागले की घरातली प्रत्येक खिडकी लावणारा हा माणूस. त्यांनी वरचं तावदान बोटभर उघडलं, हात लावून पाहिलं, आणि पांघरुणात शिरले.