सासुरवाडीचं आभाळ

पावसाळी हवेत निसर्गाचे फोटो काढायचे, हा आजार मला पन्नाशीजवळ येऊन जडला. आभाळ भरून आलं की लोक वाळत घातलेले कपडे काढतात, मी कॅमेरा काढतो. आम्ही उंब्रजचे, उसाचे लोक. आमच्याकडे ढगांना कोणी नावं ठेवत नाही. सासुरवाडी मात्र तासगावकडची, द्राक्षांची. एप्रिलमध्ये तिकडे निघालो तेव्हा बायकोने बजावलं होतं, वडिलांचा बेदाणा शेडवर वाळतोय, सगळ्या वर्षाची कमाई जाळ्यांवर पसरलीय, तेव्हा तिथं आभाळाबद्दल तोंड उघडू नका.

उघडलंच.

दुपारी डोंगरामागून असे काही काळेनिळे ढग वर चढले की मी चहा अर्धा टाकून अंगणात कॅमेऱ्याचा स्टँड रोवला. सासरे पायरीवर बसून तिकडेच बघत होते. मला वाटलं, रसिक माणूस. म्हटलं, "मामा, काय झकास आभाळ आलंय. तासभर असंच राहायला पाहिजे."

आत सासूबाईंनी भांडं आपटलं. मयताला जाऊन जेवणाची तारीफ करणाऱ्याकडे बघावं तसं सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सावकाश म्हणाले, "पाव्हणं, त्ये तीन पायाचं घरात ठेवा आनि शेडवर चला."

बेदाणा भिजला की काळा पडतो, मग त्याला कुत्रंही विचारत नाही, हे बायकोने वाटेत ऐकवलं. आणखीही बरंच ऐकवलं. शेडच्या चारी बाजूंचे ताडपत्रीचे पडदे सोडून बांधतोय तोवर वारा सुटला आणि माझ्या कोपऱ्यातली दोरी तुटली. मी पडदा दोन्ही हातांनी ताणून धरला, खालच्या बाजूला पोट लावलं. या पोटाचा संसाराला झालेला तो पहिलाच उपयोग.

पाऊस कोसळला. फटीतून बाहेर बघतो तर द्राक्षबागांवर सरी आणि सरींमधून तिरपं सोनेरी ऊन. याच उजेडासाठी मी किती पावसाळे ठोसेघरच्या चिखलात बूड भिजवत बसलो होतो. कॅमेरा गळ्यातच होता.

"एकच फोटो," मी बायकोला म्हणालो. "जरा इकडचं धरतेस?"

ती शेजारच्या पडद्याला लोंबकळत होती. "सोडून तर बघा," म्हणाली, "मग राहा इथंच, जाळीवर वाळत."

मी सोडला नाही.

पाऊस सरला तसे सासरे कडेच्या जाळ्यांवरून हात फिरवत आले. माझ्या कोपऱ्यातला एक दाणा त्यांनी तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"कोरडं हाय," ते म्हणाले. "काढा आता तुमचा फोटू."

आभाळ तोवर धुऊन पुसून कोरं झालेलं. ढग नाही, रंग नाही. पण मामांना नाही कसं म्हणणार? काढला एक. त्यांनी चष्मा लावून तो निरखला आणि मोठा करून मागितला.

आता तो त्यांच्या सोप्यात फ्रेममध्ये लटकतो. आलेला पाहुणा जवळ जाऊन, मान तिरकी करून शोधत राहतो, यात आहे तरी काय.

"काय बी न्हाई त्यात," मामा समाधानाने सांगतात. "जावयानं काढलाय."